अक्काची मिश्री

वेणूअक्का माझी थोरली नणंद. देवासात आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायका तिच्याच हातची मिश्री दातांना लावत. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून ती अगदी काजळासारखी बारीक कुटायची.

१९०९ साली तिच्या डाव्या गालात आतून जखम झाली. ठणका थांबावा म्हणून ती जखमेवरच मिश्री दाबून ठेवायची. पुढे तोंड उघडेना, तेव्हा मीच बोटाने लावून देत असे.

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तोंडाच्या प्रत्येक रोग्याची नोंद एका वहीत करत. ते म्हणाले, "ही चौदावी बाई. मिश्री जिथे धरतात, नेमकी तिथेच जखम."

मी भडकले. "आमच्या सासूबाईंनी जन्मभर लावली, त्यांना काय झालं?" असं सुनावून अक्काला घरी आणलं. श्रावणात ती गेली. शेवटी पाणीही गिळवत नव्हतं.

तेराव्याला गेलेल्या माणसाची आवडती वस्तू वाटायची आमची रीत. अक्काची उरलेली मिश्री मी डब्यांत भरून बायकांना दिली. माझ्या चौदा वर्षांच्या विनोदिनीनेही हात पुढे केला. आत्याची आठवण म्हणून तिलाही एक डबी दिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांच्या वहीत तिचंही नाव चढलं. कितवं, ते मला विचारू नका.