नावाचा डबा

वाचकहो, उभे असाल तर बसून घ्या आणि बसला असाल तर सावरून बसा. आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या एका पीठगिरणीने जर्मनीतल्या एका मोठ्या शहराशी संबंध तोडल्याचं मी इथे गंभीरपणे जाहीर करतो. कारणही तसंच होतं. त्या शहराने स्टीलचा डबा रिकामा परत केला होता. धुऊन, पुसून, लख्ख करून, रिकामा!

गिरणीवाल्या वहिनी संतापल्या की उजव्या हाताचा पंजा गिरणीच्या पत्र्यावर आपटत. पिठाचा ढग उठे आणि त्या ढगातून आवाज येई, "हे काय मानसाचं लक्षण हाय का? सांगा बरं भाऊजी!"

त्यांना उत्तर नको असे, साक्षीदार हवा असे. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान गिरणीला लागून, मधे एकच भिंत. वीस वर्षं मालेगावातल्या प्रत्येक दाखल्याच्या झेरॉक्सवर गव्हाच्या पिठाचा हलका थर बसत आला आहे. यजमान वारल्यावर वहिनींनी गिरणी एकटीने चालवली आणि लेकीला, रेणूला, शिकवलं. रेणू अकोल्याला मातीचा अभ्यास करून आली, आणि पुढचं शिकायला परदेशी जाण्याचं खूळ तिच्या डोक्यात मी भरलं. फॉर्म मी भरला, फोटो मी स्कॅन केला, शहराची तारीफही मीच केली. त्यामुळे वहिनी त्या शहराचं नाव कधी घेत नसत. "तुमचं शहर" म्हणत. जणू ते मी माझ्या सातबाऱ्यावर चढवून घेतलं होतं.

रेणू तिकडे पोचली आणि खोली मिळेना. दर दुपारी एकला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. वहिनींचे हात पिठात, म्हणून फोन मी धरायचो. गिरणी थांबायची, आणि दळणाच्या रांगेतल्या बाया आपापल्या डब्यांवर बसून ऐकायच्या.

"आई, घरमालक म्हणते, आधीच्या घरमालकाचं पत्र पाह्यजे. पोरगी कशी राह्यते, ते लिहून."

थाप! ढग! "आधीची घरमालकीण मीच ना वं! भाऊजी, लिवा!"

मी तिथल्या तिथे टाईप केलं. 'सदर मुलगी माझ्या घरात बावीस वर्षे राहिली. भाडे दिले नाही, परंतु भांडी घासली. उलट बोलते, परंतु खोटे बोलत नाही. रात्री दिवा चालू ठेवून झोपते, त्याकडे लक्ष द्यावे.' खाली वहिनींची सही आणि अंगठ्याएवढा पिठाचा डाग. मी ते इंग्रजीत उतरवून पाठवलं. उत्तर आलं नाही. एवढं सच्चं पत्र, आणि साधी पोचसुद्धा नाही! मला अजून राग येतो.

शेवटी विद्यापीठाच्याच एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. वहिनींचा हुकूम सुटला. "नव्या जागी गेली ना? शेजारपाजाऱ्याले आपल्या हातचं काही दे पयले. मंग ओळखी होतेत."

रेणूने लाडू वळले. घरून नेलेलं पीठ, इथलंच दळलेलं. तीन दारं, तीन डबे. डबे वहिनींच्या आंदणातले, प्रत्येकावर त्यांचं नाव कोरलेलं. आता आपल्याकडे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. शेजारचं भांडं कोणी रिकामं परत देत नाही. काही नसलं घरात तर चिमूटभर साखर टाकतात, लिंबू टाकतात. वहिनींच्या गिरणीत तर तो कायदाच होता. डबा भरून येणार आणि भरून जाणार. एखादीने धान्याचा डबा रिकामाच विसरून ठेवला, तरी वहिनी त्यात मूठभर पीठ टाकूनच तो पोचवत.

आणि तिकडे? पहिलं दार उघडलंच नाही. दुसऱ्या दारातून डबा आठवड्याने परत आला, म्हणजे रेणूच्या दाराबाहेर ठेवलेला सापडला. आत चिठ्ठी. 'आभार. कृपया जिन्यात वस्तू ठेवू नयेत.' तिसऱ्या दारी एका म्हातारीने डबा घेतला, मान हलवली, दार लावलं. तो डबा गेला तो गेलाच.

त्या दुपारी पत्र्यावर तीन थापा बसल्या. रांगेतल्या बायांचाही तोल गेला.

"रिकामा दिला वं? एक साखरेचा दाना बी नाई?"

"अन् त्या बुढीनं तं डबाच गडप केला!"

"भाऊजी," वहिनी माझ्याकडे वळल्या, "काय लोक हायेत हो तुमच्या शहरातले!"

मी त्या शहराच्या वतीने मान खाली घातली.

पण रेणूचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. वर्गात कोणी बोलत नाही, जिन्यात कोणी थांबत नाही, दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही. एका दुपारी ती पडद्यावर आली. म्हणाली, "आई, मले नाई जमून राह्यलं. मी वापस येतो."

मी पत्र्याकडे पाहिलं. थाप बसली नाही. दोन वर्षांची धडपड, गहाण पडलेली झोप, पोरीचं सगळं पुढचं त्या एका वाक्यावर लोंबकळत होतं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ये. पन माह्या आंदणातला डबा घेऊन ये. तो बुढीपासचा. डब्याबिगर गिरणीची पायरी चढू नको."

आणि पिठाच्या बोटाने फोन बंद करून टाकला. माझा!

आता मात्र मी भडकलो. "वहिनी, पोर तिकडे रडते आहे आणि तुम्हाला डबा सुचतो? दगडाच्या आहात का?"

त्या गव्हातले खडे निवडत राहिल्या. "डब्यासाठी बुढीचं दार तं वाजवीन ना पोट्टी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक वाजला, कॉल नाही. दीड वाजला. वहिनींनी दळण थांबवून ठेवलं होतं आणि रांगेतली एकही बाई कुरकुरली नाही. दोनला फोन वाजला.

"आई, डबा तिच्या खिडकीत ठेवलेला हाय! त्याच्यावरचं तुह्यं नाव तिले नक्षी वाटली, मी मुद्दाम कोरून आनलेली. भेट म्हून. म्हने, मले इतकी सुंदर भेट कोणी दिली नव्हती, काय बोलावं सुचलं नाई, म्हून दार लावलं. मी दोन तास बसून होतो तिच्याघरी. उद्या माह्यासंगं कचेरीत येते, माह्ये इथं राह्यचे कागद अडकले ना, त्यासाठी."

परत येण्याचं तिने नावही काढलं नाही.

"अन् डबा?" वहिनींनी विचारलं.

"वापस मागाची लाज वाटली, आई."

थाप! मालेगावच्या इतिहासातली सर्वांत मोठी! "आंदणातला डबा देऊन आली! हे काय मानसाचं लक्षण हाय का?" पण पिठाच्या त्या ढगात त्यांचा चेहरा कोणालाच दिसला नाही. मग त्यांनी गिरणी सुरू केली. वर धान्य ओतायच्या पेटीत एक दाणा नव्हता. दगड झिजतो म्हणून जातं क्षणभरसुद्धा रिकामं न फिरवणाऱ्या त्या बाईने चांगली पाच मिनिटं गिरणी रिकामी चालवली, आणि त्या आवाजात पदराने तोंड पुसत राहिल्या.

त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात रेणूला पदवी मिळाली आणि तिने आईला तिकडे बोलावून घेतलं. पासपोर्टचा फॉर्म अर्थातच मी भरला. गिरणीच्या शटरला कुलूप लागलं. आता माझ्या दुकानातल्या झेरॉक्स पांढऱ्याफेक निघतात. गिऱ्हाइकं म्हणतात, वा, मशीन नवीन घेतलं का? मला असा संताप येतो म्हणून सांगू! पत्र्यावर थाप मारावीशी वाटते, पण पत्रा कुलपात.

परवा दुपारी एकला फोन वाजला. या वेळी फोन रेणूने धरला होता. म्हातारीचं घर, मोठी खिडकी आणि खिडकीत वहिनींचा डबा. त्यात सुके मेवे भरलेले. म्हातारी तो दोन वर्षं रेणूसाठी भरून ठेवत आली होती. वहिनी नऊवारीवर स्वेटर घालून उभ्या. त्यांनी डबा उचलला, आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि काळं पडलेलं बोट मला दाखवलं.

"पाहा भाऊजी! दोन वर्सात एकदा घासला नाई हिनं!"

म्हातारी हळू आवाजात काही बोलली. रेणूने सांगितलं, "आई, ते म्हनते, घासला तं तुह्यं नाव मिटून जाईन, म्हून कोणाले हात लावू देला नाई."

वहिनींनी मेवे तिथल्याच एका ताटलीत ओतले, पदर खोचला, डबा काखेत मारला आणि सरळ म्हातारीच्या स्वयंपाकघरात शिरत ओरडल्या,

"नाव कायले मिटते वं बाई! राख कुठी ठेवते तू?"