न मारलेली थप्पड

ती धाड माझ्या मनातून कधी गेलीच नाही. फाळणीनंतरची वर्षं. बराकपूरच्या छावणीतून चोरलेली पिस्तुलं कलकत्त्यातल्या सशस्त्र टोळ्यांकडे जात, आणि ती वाहायला सियालदह स्टेशनच्या फलाटावर पडलेले निर्वासित स्वस्तात मिळत. मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. कलकत्त्यातच वाढलेलो, तरी ठाण्यात सगळे मला 'मराठा दारोगा' म्हणत.

खबर दिली ढाक्याकडच्या एका कारागिराने. तो सवाष्णी घालतात त्या शंखाच्या बांगड्या करायचा. टोळीने त्याला वाहतुकीला जुंपून बायकोसह बाजारामागच्या गोदामातच ठेवलं होतं. त्याला यातून सुटायचं होतं.

खबऱ्याला वाचवायची आमची एक रीत होती. धाडीत त्यालाही इतरांसारखंच सगळ्यांदेखत बडवायचं. तसं मी त्याला सांगितलं. तो हसला.

"मारा दारोगाबाबू, पण डाव्या गालावर. उजवीकडची दाढ आधीच ठणकतेय."

धाड पडली. माणसं सापडली, माल नाही. शिपायांनी एकेकाला चोपत बाहेर काढलं. कारागिराच्या वेळी मीच पुढे झालो. दारात त्याची बायको उभी होती, हातांत त्यानेच घडवलेल्या पांढऱ्या बांगड्या. माझा हात उठेना. "चल," एवढंच म्हणालो.

चौकशीत टोळीचा मुकादम काही केल्या बोलेना. मग एकदम म्हणाला, "साहेब, आमची सगळ्यांची तोंडं सुजलीत. त्याचंच कसं नाही?"

"तुझं तू बघ. माल कुठंय?"

"हावड्याला, भट्टीच्या राखेत. घेऊन जा. माल पुन्हा मिळतो."

माल मिळाला, इतकंच मला त्यातलं ऐकू आलं; कारागिरावरचा त्याचा संशय नाही. पुराव्याअभावी म्हणून कारागिराला सोडलं. त्याला दूर कुठे पाठवायला हवं होतं. मी शाबासकी घेत फिरत होतो. थोड्याच दिवसांत त्याचं प्रेत गंगेच्या घाटाला लागलं. टोळीतले सगळे काही आमच्या कोठडीत नव्हते.

त्याची बायको ठाण्यात आली. मनगटं उघडी. रडली नाही.

"तुम्ही त्या दिवशी मारणार होतात ना त्याला?" तिने विचारलं.



ही गोष्ट मी घरी बोललो नाही. पत्नी गेली. मुलं बंगालीत वाढली, त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणूनच लिहायला धीर झाला असावा. नोकरीने मला माणसं ओळखायला शिकवलं, पण त्या दारातला मी मला फार उशिरा ओळखू आला. इतकी वर्षं मी त्या न उठलेल्या हाताला दया म्हणत आलो. दया नव्हती ती. त्या बाईसमोर मला चांगलं दिसायचं होतं.