विचारून घेतलेली खुर्ची

लियाओ किमसान यांचा गंजावर राग होता, पण त्याहून अधिक राग देणगीदारांवर होता. गंज निदान सांगून येतो. तैवानमधल्या कीलुंग बंदराच्या खाऱ्या, ओल्या हवेत लोखंड ठेवले की तो धरणारच. देणगीदार मात्र फटाके लावून येत, नव्याकोऱ्या चाकाच्या खुर्च्या मंदिराला देत, त्यांच्या पाठीवर लाल अक्षरांत स्वतःचे नाव रंगवून घेत, फोटो काढत आणि निघून जात. त्या खुर्च्यांची चारही चाके लहान असत. मागून कोणी ढकलले तरच त्या हलत. ज्याला मागून ढकलणारे माणूसच नाही त्याने काय करावे, हा प्रश्न फोटोत येत नसे. ट्यूब, बेअरिंग आणि ब्रेकचे रबर यांच्यावर नाव रंगवायला जागा नसते, म्हणून ते कोणी देत नसे.

समुद्रदेवीच्या मंदिराला लागून एक दालन होते. पूर्वी तिथे मिरवणुकीचे ढोल ठेवत. आता गल्लीतली मंडळी तिथे खुर्च्या दुरुस्त करत. शिंपीण बसायची कापडे शिवून देई, मासळीवाल्यांनी सुटे भाग ठेवायला बर्फाच्या रिकाम्या पेट्या दिल्या होत्या, आणि पाना धरायचे काम किमसान यांचे. ते जहाजदुरुस्तीच्या गोदीतले जुने फिटर. पत्नी सोग्योक पक्षाघाताने खुर्चीला खिळली तेव्हा त्यांनी ही विद्या घरच्या घरी शिकून घेतली होती. ती गेली, आणि आठवडा उलटायच्या आत त्यांनी तिची खुर्ची सुटी केली. चाके एकाला, ब्रेक दुसऱ्याला, पायपाट्या तिसऱ्याला. "लोखंड सुतक पाळत नाही," असे ते म्हणाले होते. तोंडावर त्यांना कोणी काही बोलले नाही.

इतर घरांत मात्र तसे नव्हते. घरातले माणूस गेले की त्याची खुर्ची दालनाच्या दाराशी ठेवून नातेवाईक मागे न पाहता निघून जात, आणि ती खुर्ची मग कोणीही घेत नसे. गेलेल्याच्या खुर्चीत बसले की त्याचे ओझे आपल्यामागे लागते, हा सर्वांचा पक्का समज. दालनाच्या छताला अशा कितीतरी धडधाकट खुर्च्या टांगलेल्या होत्या, आणि खाली माणसे मोडक्या खुर्च्यांत बसून सुट्या भागांची वाट पाहत होती. किमसान यांचा सारा वैताग वर आणि खाली यांच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत साठलेला असे.

नववर्ष तोंडावर आले असताना बिल्यानची खुर्ची मोडली. बिल्यान मंदिरासमोरच्या कोपऱ्यावर लॉटरीची तिकिटे विकत असे. मांडीवर फळी, फळीवर तिकिटांच्या माळा, डोक्यावर बांधलेली छत्री. लहानपणीच्या पोलिओमुळे पाय गेलेले. हातांनी मोठी चाके ढकलत ती सगळी पेठ पालथी घाली. नववर्षाच्या दिवसांत माणसे नशीब अजमावायला निघतात. वर्षभराचे भाडे तिला त्याच दिवसांत सुटत असे. आणि नेमका त्याच वेळी पुढच्या लहान चाकाला धरणारा चिमटा तडकला. शेजारच्या दोन कोळ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून दालनात आणून ठेवले.

"काका, संध्याकाळपर्यंत होईल ना?" तिने विचारले.

"कंपनीने हा चिमटा बनवणं केव्हाच बंद केलंय."

"मग वेल्डिंग मारा."

"ॲल्युमिनियम आहे, बाई. मी वेल्डिंग मारीन आणि तू मोटारीखाली जाशील."

पण बोलता बोलताच त्यांची नजर वर गेली. छताला मासेमारी बोटीचे दिवंगत कप्तान ओंग यांची खुर्ची टांगलेली होती. तीच कंपनी, तेच जुने मॉडेल, आणि दोन्ही चिमटे जसेच्या तसे. किमसान स्टुलावर चढले, खुर्ची खाली काढली आणि पाना लावला.

"ही कोणाची?" बिल्यानने विचारले.

किमसान यांना खोटे बोलता येत नसे. हा त्यांचा गुण होता की खोड, यावर गल्लीत एकमत नव्हते. "ओंग कप्तानाची," ते म्हणाले.

"ठेवा खाली तो पाना."

"अगं, एक बोल्ट आहे. चहा थंड होण्याआधी होईल."

"काका, मी काय विकते? मासे विकते का? मी नशीब विकते. उद्या कोणी म्हणालं, हिच्या खुर्चीला मेलेल्याचं चाक आहे, तर माझ्याकडून तिकीट कोण घेईल? कुत्रं फिरकणार नाही कोपऱ्यावर."

"सांगणार कोण?"

"तुम्हीच! आत्ता मला नाही सांगितलंत?"

किमसान यांनी पाना बाकावर आपटला. रागाच्या भरात, जे इतकी वर्षे पोटात ठेवले होते ते त्यांच्या तोंडून निघून गेले. "मोठी आलीय सोवळं सांगणारी! तुझ्या खुर्चीचे ब्रेक कोणाचे आहेत, ठाऊक आहे? सोग्योकचे आहेत. माझ्या बायकोचे. कधीपासून त्यांच्यावर चढउतार करतेस. काय झालं तुला? लागलं ओझं?"

बिल्यान चपापेल, रडेल, निदान चूप बसेल असे त्यांना वाटले. ती मात्र फळीवरच्या तिकिटांची माळ सरळ करत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मी विचारलं होतं काकूंना."

"कोणाला?"

"काकूंना. तुम्ही ब्रेक बसवलेत, मग मला घरी चहाला नेलंत. तुम्ही आत पाणी उकळत होतात तेव्हा मी त्यांच्या फोटोसमोर कौलाची नाणी टाकली. पहिल्याच फेकीला 'हो' म्हणाल्या. तुम्ही विचारणाऱ्यातले नाही, म्हणून म्हटलं आपणच विचारावं."

किमसान बराच वेळ ग्रीसच्या डब्याचे झाकण घट्ट करत बसले. ते आधीच घट्ट होते.

"मग चला," शेवटी ते गुरगुरले. "कप्तानालाही विचारू. तेवढंच राहिलंय या जन्मात."

कप्तान ओंग यांचे घर मासळीबाजाराच्या मागे, तळमजल्यावर होते. देणगीदाराच्या लाल नावाच्या खुर्चीत बिल्यानला बसवून किमसान यांना ती स्वतः ढकलत न्यावी लागली, आणि ते वाटभर त्या नावाला शिव्या देत होते. कप्तानाची सून सिउहोंग दारातच माकुळ्या साफ करत होती. तिने हात पुसले, सगळे ऐकून घेतले आणि सासऱ्यांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली.

"बाबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे," ती म्हणाली. "मी नाणी टाकते, बोला तुम्ही."

दोन नाणी एकत्र टाकायची. एक छापा, एक काटा पडला तर होकार. दोन्ही काटे म्हणजे नकार. दोन्ही छापे म्हणजे मृतात्मा नुसता हसतो आहे. कौल लावायची ही रीत किमसान यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण कधी केली नव्हती. ते अवघडून फोटोसमोर उभे राहिले.

"कप्तान, तुमच्या खुर्चीचा एक चिमटा हवा आहे. बिल्यानला."

दोन्ही काटे.

"दोन्ही चिमटे म्हणा," बिल्यान कुजबुजली. "एकटं कोणाला आवडत नाही."

पुन्हा काटे.

"ज्वारीची दारू ठेवू का, बाबा?" सिउहोंगने विचारले आणि पेलाभर ओतली. दोन्ही छापे. "हसतायत. दारू पावली, पण काम करायचं नाही." तिने माकुळीच्या सूपचा वाडगा ठेवला, सिगारेट पेटवून ठेवली. पुन्हा नकार. पुन्हा हसू.

किमसान यांचा संयम संपला. "जिवंतपणीही हा माणूस असाच होता! भाव सांगायचा आणि वजन करू द्यायचा नाही. अहो, ती खुर्ची छताला लटकून काय करणार आहे? कुजणार आहे! तिचे तुकडे कोणाच्या कामी आले तर तुमचं काय जातं?"

सिउहोंगने नाणी उचलली, पण टाकली नाहीत. "तुकडे," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "काका, बाबांची बोट भंगारात काढली तेव्हा ते धक्क्यावर उभे होते. क्रेनने तुकडे करताना बघत होते. घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पुढे कोणी बोटीचं नाव काढलं तरी म्हणायचे, अख्खी बुडाली असती तरी चाललं असतं."

बिल्यानने हात पुढे केला. "मला द्या नाणी." तिने ती दोन्ही तळव्यांत धरून कपाळाला लावली. "कप्तानकाका, तोडत नाही काही. अख्खी खुर्ची द्या. मी तिच्यावर बसून धंदा करीन, धक्क्यापर्यंत फिरवीन."

एक नाणे टेबलाखाली घरंगळले. किमसान यांनाच वाकून पाहावे लागले. टेबलावरच्या नाण्याचा छापा पडला होता, खालच्याचा काटा.

"झालं!" सिउहोंग आनंदाने म्हणाली.

किमसान यांना आनंद झाला नाही. कप्तान ओंग दरवाजा अडवून बसेल एवढ्या देहाचा होता आणि त्याची खुर्ची त्याच मापाची होती. दालनात परतून बिल्यान तिच्यात बसली तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक उशी मावेल एवढी जागा उरली, आणि चाकांपर्यंत पोहोचायला तिला कोंबडीसारखे पंख पसरावे लागले. अशाने महिनाभरात खांदे निखळले असते.

"यात मी आणि माझी बहीण, दोघी बसू," ती म्हणाली.

"म्हणून म्हणत होतो, एक बोल्ट! एका बोल्टाचं काम होतं!" किमसान ओरडले. "आता रुंदी कमी करायची तर बसायच्या कापडाखालची आडव्या दांड्यांची कैची तुझ्या खुर्चीची काढून यात घालायची. बसायचं कापड तुझं, पाठ तुझी, ब्रेक तुझे. बाजू कप्तानाच्या, चाकं कप्तानाची. ही तोडफोड नाही तर काय? तो पुन्हा रुसला तर?"

"बोट दुरुस्तीला गोदीत घेतात, फळ्या बदलतात, तेव्हा कप्तान रुसतो का? तुम्ही स्वतः गोदीत होतात ना?"

किमसान यांनी तिच्याकडे पाहिले. या बाईशी वाद घालण्यापेक्षा गंजलेला नट सोडवणे सोपे, असा विचार त्यांच्या मनात आला असावा. त्यांनी बाही सरसावली. चहा थंड होण्याआधी व्हायचे काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालले. कैचीची छिद्रे जुळेनात. ती कानशीने वाढवावी लागली. शिंपिणीने कापडाला नवी शिवण घातली. सोग्योकचे ब्रेक कप्तानाच्या नळीवर चढवताना किमसान मध्येच थांबले. सोग्योक आणि कप्तान यांचे माशांच्या भावावरून दर आठवड्याला वाजत असे. ब्रेक दाबला तसा तो कर्कशपणे किंचाळला.

"भांडायला लागले," बिल्यान म्हणाली.

"ओल धरलीय," किमसान म्हणाले आणि फडक्याने ब्रेक पुसू लागले. आवश्यक होते त्याहून जरा जास्त वेळ ते पुसत राहिले.

त्याच संध्याकाळी ती कोपऱ्यावर परतली. छत्रीचा दांडा नीट बसला आहे का पाहण्याचे निमित्त काढून किमसान जवळ रेंगाळत होते. मासळीबाजारातली एक जाडजूड बाई तिकीट निवडता निवडता थबकली. "ही ओंग कप्तानाची खुर्ची ना गं? नळीवर त्यांनी गुंडाळलेली जाळ्याची दोरी आहे."

इथेच सगळे बुडणार, असे किमसान यांना वाटले.

"हो," बिल्यान म्हणाली. "विचारून घेतलीय. सिउहोंगला विचार."

"विचारून?" बाईने खुर्चीकडे, मग फोटोकडे पाहावे तसे वर आभाळाकडे पाहिले. "असं. मग ठीक आहे. दोन दे. नाही, तीन दे. म्हातारा समुद्रातून कधी रिकाम्या हाताने परतला नव्हता."

किमसान दालनात परतले. इतकी वर्षे ते लोकांशी भांडले होते, लोखंड आणि भूत यांतला फरक समजावून थकले होते. हवा होता तो 'विचारून' हा एवढासा शब्द. त्यांना हायसे वाटायला हवे होते. वाटला तो संताप. त्यांनी वर पाहिले. छताला टांगलेल्या प्रत्येक खुर्चीचे घर त्यांना ठाऊक होते. घरोघर जायचे, उभे राहायचे, दारू, सूप, सिगारेट, आणि म्हाताऱ्यांचे हसू. एकेका बोल्टासाठी!

त्यांनी हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या कप्प्यात दोन नाणी टाकली आणि झाकण आपटले. मग दाराजवळची पहिली खुर्ची खाली काढून तिच्या पायपाटीवरची धूळ पुसली. ती टेकडीवरच्या शिंपी लिम यांच्या आईची होती. फार कजाग बाई.

"हिला आता काय हवं असेल कोण जाणे," असे पुटपुटत त्यांनी पेटी आणि छत्री घेतली आणि टेकडीच्या पायऱ्या चढू लागले.