चेटकिणीचं शेवटचं पान

माझ्या आत्याकडं बिस्किटाच्या डब्यात कॉमिकची अकरा शेवटची पानं हायत. नुसती पानं. पुस्तक एकबी न्हाई. माझा रविवार त्यातच जातो.

आत्या कराडात स्टँडाजवळ कॉमिक भाड्यानं द्यायची. त्यातल्या एका मालिकेत चेटकीण यायची. गुडघ्यापातूर वेणी, वेणीच्या टोकाला जिता विंचू. हिरो कोण हुता ते आता कुणालाच आठवत न्हाई. पोरं तिचं कॉमिक न्यायची आन् परत आणायचीच न्हाईत. मग आत्यानं तिच्या प्रत्येक अंकाचं शेवटचं पान ब्लेडनं कापून गल्ल्याखाली ठेवलं. पुस्तक परत करायचं, मग काउंटरला उभं ऱ्हाऊन शेवट वाचायचा, पान खाली ठेवायचं आन् निघायचं. तरीबी अकरा जण आलेच न्हाईत. पुढं दुकान बंद पडलं, आत्या कडेगावला आमच्यात ऱ्हायला आली, संगं डबा.

चूक माझी. मी हळदीला, गॅदरिंगला नकला करतो. गेल्या साली त्या चेटकिणीचं हसणं केलं, डबा दाखवला आन् व्हिडिओ टाकून दिला. तवापास्नं फोन सुरू. सगळी टक्कल पडलेली, पन्नाशीकडं झुकलेली माणसं. घरात कपाटभर कॉमिकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपलेली, फकस्त तिचं एक पान कमी. आली की आधी मला हसून दाखव म्हणत्यात, मग पान मागत्यात. आत्याचं उत्तर ठरल्यालं, आधी माझं पुस्तक परत करा. ती म्हणत्यात, आमी रद्दीतनं घेतलंय. मग च्या पिऊन माघारी. च्या करून हात दुखत्यात आन् हसून घसा बसलाय.

परवाच्या रविवारी सांगलीचे एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. पिशवीतनं कॉमिक काढताना हात असा धरलेला जणू आत तान्हं बाळ हाय. पयल्या पानावर आत्याचा शिक्का. वीस-पंचवीस वर्सं शोधतोय म्हणाले, तेवढं एक पान द्या, माझं पूर्ण हुईल.

"रद्दीतनं घेतलं असंल," आत्या म्हणाली. तिला बी कंटाळा आल्ता.

साहेबांनी शिक्क्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "न्हाई मावशी. मीच न्हेलंतं. कराडला इंजिनेरिंगला हुतो. परीक्षा झाली, सामान बांधलं, त्यात आलं."

असं अजून कुणी बोललं नव्हतं. आत्यानं हात पुढं केला. त्यांनी लय येळ पुस्तक धरूनच ठेवलं, मग दिलं. आत्यानं डब्यातनं पान शोधलं, वट्यावर ठेवलं.

"उभं ऱ्हाऊन वाच," ती म्हणाली. तुमीचं तू झालं, ते दोघांनाबी कळलं न्हाई.

साहेब वट्याला टेकून वाचाय लागले. चार चित्रं. हिरो वेणी कापतो, विंचू पळून जातो, चेटकीण म्हातारी हुऊन खाली बसती. मला ते पाठ हाय. साहेबांनी दोनदा वाचलं.

"ही हरती व्हय?"

"दर खेपेला हरती," आत्या म्हणाली. "सगळ्या पानांवर त्येच हाय."

"माझ्याकडं इतकी वर्सं जिकलेली हुती."

त्यांनी पान हळूच तिच्याकडं सरकवलं. म्हणाले, हे तुमच्यातच ऱ्हाऊ द्या. पुस्तकाचं नावच काढलं न्हाई. काढायचा हक्क नव्हता आन् नजर तर त्यावरनं हालत नव्हती. मला ह्या धंद्याचा वीट आलाय, तरी तेवढ्यापुरता जीव तुटला.

आत्यानं पान डब्यात टाकलं, झाकण लावलं. मग पुस्तक उचलून त्यांच्या हातात दिलं.

"न्हे. पन आठ दिसांत परत आण."

"व्हय," ते म्हणाले, आन् पिशवीत घालायचं सोडून ते शर्टाच्या आत, पोटाशी धरलं.

मी गाडीपातूर सोडाय गेलो. हसून दाखव म्हणतील म्हणून घसा खाकरून तयार ठेवला हुता. हसायला सांगितलंच न्हाई. असा पयलाच माणूस.

आठ दिसांनी परत रविवारच येतोय.