मून ग्वांग-सोपच्या दंडावरची फीत

कोरियातल्या मासान बंदराच्या मासळीबाजारात सुकट विकून बोंगन्यो नावाच्या विधवेने ज्याला वाढवले, त्या मून ग्वांग-सोपने सोलची नाटके आणि चित्रपट यांत अठ्ठावीस वर्षे घालवली. हवालदार, शेजारी आणि बहुतेक वेळा प्रेत, एवढेच त्याच्या वाट्याला आले. ज्या व्यवसायात गुणांआधी ओळखपाळख विचारली जाते, तेथे याहून निराळे काय घडणार?

बावन्नाव्या वर्षी मात्र एका दिग्दर्शिकेने त्याला मुख्य भूमिका देऊ केली. आईच्या अंत्यविधीचे तीन दिवस आणि त्या तीन दिवसांत शोककक्षात उभा राहिलेला थोरला मुलगा, इतकीच कथा. थोरल्याने दंडाला बांधायची दोन काळ्या रेघांची फीत चित्रीकरणभर त्याच्या दंडावर राहणार होती. नेमकी त्याच आठवड्यात बोंगन्योच्या यकृतात गाठ सापडली. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. आई दुखण्यात असताना थोरल्या मुलाने ती फीत खोटीखोटी का होईना बांधायची, हे त्याच्याने होईना. त्याने नकार कळवला आणि आपला जुना सहकारी प्यो सेहान याचे नाव सुचवले. सेहानची आई केव्हाच गेली होती.

"दादा, नंतर मला शिव्या घालशील," सेहान म्हणाला.

"घालीन की. पण तुझ्या पाठीमागे."

चित्रपट परदेशी महोत्सवांत गाजला. सेहानला तिकडची पारितोषिके मिळाली, तिकडची कामे मिळाली. ज्यांनी त्याला वीस वर्षे दारात उभे केले नव्हते तेच त्याचे गोडवे गाऊ लागले. परक्याने मान डोलावल्याखेरीज आपल्याकडे कुणाची मान हलत नाही.

बोंगन्यो दोन वर्षे जगली. फीत नाकारल्यामुळेच, असे ग्वांग-सोपला मनोमन वाटे. चित्रपट मासानला लागला तेव्हा ती मुलाशेजारी बसून तो पाहून आली.

"सेहान काय रडलाय रे," बाहेर पडताना ती म्हणाली. "तुला कधी कुणी असलं काही विचारलं नाही. प्रेत होऊन पडायला मात्र तूच लागतोस."

ग्वांग-सोपने तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली. खरे सांगावे, तर आपल्या दुखण्यापायी मुलाची संधी गेली हे ओझे घेऊन तिने जायचे. न सांगावे, तर मुलाला कुणी विचारलेच नाही, हे.

"नाही विचारलं, आई," तो म्हणाला.

मार्चअखेरीस ती गेली. फीत बांधून तो शोककक्षात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सेहान विमानतळावरून थेट तेथे आला. रिवाजाप्रमाणे भेटीला येणाऱ्यांना वाढलेला तिखट रस्सा खात बसलेली माणसे चमचे टाकून उठली. बोंगन्योच्या तसबिरीपुढे ज्यांनी घाईघाईने माथा टेकला होता, त्यांनी आता सवडीने मोबाइल उंचावले. सेहानने तसबिरीपुढे दोनदा माथा टेकला, मग ग्वांग-सोपपुढे एकदा, आणि उठता उठता हळूच विचारले, "आईंना सांगितलं होतंस?"

"नाही."

सेहानला रडू आवरेना. ग्वांग-सोपनेच त्याला सावरून धरले.

ते छायाचित्र बोंगन्योची राख निवण्याआधी जगभर पोहोचले. खाली लिहिले होते: विख्यात अभिनेते प्यो सेहान, एका परिचिताच्या आईच्या अंत्यदर्शनास. दंडावरच्या फितीच्या दोन्ही रेघा त्यात स्वच्छ दिसत होत्या. चेहरा सेहानच्या खांद्याआड गेला होता.