टपाची दुसरी बाजू

रहिमतपूरच्या आकाराम नानांनी फौजेत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या आणि गावी परतल्यावर एक जुनी जीप घेऊन तीस वर्षं लोकांच्या वराती काढल्या. लग्न कुणाचंही असो, जीपचा कापडी टप उघडायचा तो नानांनी आणि त्यांच्या बायकोनं, बनुबाईनंच. लोखंडी कमानी दोन्हीकडून एकदम उचलल्या नाहीत तर अडकायच्या. नाना म्हणायचे, "उचल, बने." ती म्हणायची, "मी कवाच उचललंय. तुमचीच बाजू खाली हाय." इतक्या वर्षांत या संवादातला एक शब्द बदलला नाही, आणि चूकही दर वेळी नानांचीच निघाली.

या हौसेला कारण होतं. बनुबाईची स्वतःची वरात औंधाहून निघाली ती धुळीमुळे ताडपत्री बांधलेल्या ट्रकातून. गावाला नवरी दिसलीच नाही. "मला पोत्यावानी आणलं," हे तिनं नवऱ्याला जन्मभर ऐकवलं. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात नातीच्या काळजीनं तिनं नानांचा हात धरला. "क्रांतीला उघड्या गाडीतनं धाडा. समद्या गावानं पोरीला बघूदे." नानांनी शब्द दिला. बनुबाई गेली, पाठोपाठ जीपही भंगारात गेली. शब्द तेवढा राहिला.

गेल्या वैशाखात क्रांतीचं लग्न झालं. इस्लामपूरच्या व्याह्यांनी लाल गाडी भाड्यानं आणली. बटण दाबलं की टप आपोआप मागं जाणारी! पाठवणीला नवरानवरी गाडीत बसली, ड्रायव्हरनं ऐटीत बटण दाबलं, टप अर्धा उठला आणि तिथंच आ वासून थांबला. पुन्हा बटण दाबून पाहिलं. टप ढिम्म.

चार पाहुणे बाह्या सारून पुढं झाले. आमच्याकडं चिखलात रुतलेला ट्रॅक्टर असो की न उघडणारं दार, चौघांनी मिळून हिसडलं की प्रश्न सुटतो, अशी ठाम श्रद्धा आहे.

"हात लावू नगा!" नाना कडाडले. "आत तेलाचा दाब हाय. कमानी मोडशीला गड्यांनो!"

"मग बंद गाडी मागवू. काय फरक पडतोय?" कुणीतरी म्हणालं.

नानांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला लावली. डिकीतलं झाकण काढून पंप शोधला आणि गाडीच्या हत्यारांतल्या एलन कीनं त्याचा स्क्रू ढिला केला. फौजेतल्या सवयीनं पाच मिनिटं थांबून दाब उतरू दिला. "आता हातानं जाईल. पण दोन्हीकडनं एकदम उचलायचं."

एका बाजूला ते स्वतः उभे राहिले. दुसऱ्या बाजूला आलेल्या पाहुण्यानं घाई केली, कमान करकरली. त्याच्या जागी आलेला मागंच राहिला, टप तिरका झाला. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत त्या बाजूला माणूस शोधावा लागला नव्हता. तिथं कुणीतरी असतं, हेसुद्धा त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

तेवढ्यात क्रांती गाडीतून खाली उतरली.

"अगं, बसलेली नवरी उतरत न्हाई! अपशकुन हुतोय!" नानांची बहीण आक्काताई ओरडली.

"आज्जी असती तर तिनंच उतरवलं असतं मला," क्रांती म्हणाली. लहानपणी तिनं आज्जीसोबत जीपचा टप किती वेळा तरी घडी केला होता. तिनं शालूचा पदर कमरेला खोचला आणि कमान धरली.

नानांनी पलीकडं पाहिलंच नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "उचल, बने."

नानांना आपली चूक कळली.

"मी कवाच उचललंय," पलीकडून आवाज आला. "तुमचीच बाजू खाली हाय."

नानांनी आपली बाजू वर घेतली. टप करकर न करता मागं गेला आणि घडी होऊन बसला. नानांनी स्क्रू पुन्हा आवळला. क्रांती गाडीत बसली आणि पुढं बँड वाजू लागला. बाजारपेठेत बायका माडीवरून वाकून बघत होत्या. पोरीनं मान खाली घातली नव्हती. ती सगळ्यांकडं बघून हसत होती.

गाडी वळणाआड गेली तरी वरातीमागं चालत आलेले नाना आक्काताईसोबत बाजारपेठेतच उभे होते.

"बघितलीस का गं?" ते हळूच म्हणाले. "समद्या गावानं बघितली पोरीला."

आक्काताईला वाटलं, आपल्यालाच विचारलं. "बघितली की," ती म्हणाली.

नानांना तेवढं उत्तर पुरलं.