वाकडा रॉड

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणी उघडलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं.

जूचंद्र गावचे फिटरभाऊ बिघडलेलं इंजिन कधी लगेच चालू करत नसत. डिझेल फवारणारा नोझल काढायचे, त्या भोकावर अंगठा दाबून धरायचे आणि कुणालातरी हँडल सावकाश फिरवायला लावायचे. आतल्या हवेने अंगठा वर ढकलला की म्हणायचे, "कोठीत दम हाय." नाही ढकलला तर इंजिन खोलायला घ्यायचे. डिझेल जळतं त्या बंद जागेला ते कोठी म्हणत.

एकदा त्यांनी सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद केलं, चार दट्टे मारले आणि पंपाचं बूड मला धरायला दिलं. चांगलंच तापलं होतं. "हवा दाबली की तापते, वैनी. आपल्या इंजिनात काडी ओढायला कुनी बसलेला नाय. तापल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की भडका होतो, तो पिस्टनला ढकलतो. मग चाक फिरतं, पंप फिरतो, पानी येतं."

मी त्यांना आयुष्यात एकच प्रश्न विचारला. दिवाळीतल्या रॉकेटात पिस्टन असतो का? ते खूप हसले. "त्याच्या कोठीला खाली दार उघडंच ठेवलेलं. जाळ खाली धावतो, रॉकेट वर."

यजमान वारले त्या उन्हाळ्यात निर्मळ गावातल्या आमच्या फुलांच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन लवकर चालू होईना. अशा वेळी हे इंजिनात हवा जाते त्या तोंडातून थोडं तेल सोडायचे, एवढंच मी पाहिलं होतं. मी अर्धा कप ओतलं. हँडल मारल्यावर इंजिनाने एक दणका दिला आणि ते जाम झालं. पिस्टनला जोडलेला रॉड वाकला होता. मोगरा सुकायला लागला.

दीर बांधावर उभे राहून म्हणाले, "बाईमाणसाला इंजिन झेपत नाही. वाडी आमच्याकडे दे."

फिटरभाऊंनी इंजिन खोललं. आतलं तेल फडक्याने पुसलं, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "जुना झालेला रॉड, दादा," ते दिरांना म्हणाले. "वैनींनी काय केलेलं नाय."

दीर गेल्यावर हळूच बोलले, "हवा दबते, तेल दबत नाय. पुढच्या खेपेला चार थेंब."

नवा रॉड त्यांनी स्वतःच्या पैशाने आणला. वाकडा त्यांच्या गॅरेजातल्या खिळ्याला टांगला. "पैसे फिटले की घेऊन जा." वाडी माझ्याकडेच राहिली. फुलांचे पैसे आले की मी थोडे थोडे देत गेले.

पैसे फिटायच्या आधीच फिटरभाऊ छातीत कळ येऊन गेले. मी गॅरेजात जाऊन बसले. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. खिळ्याकडे बघत राहिले.

उरलेले पैसे त्यांच्या बायकोला देत गेले. शेवटच्या खेपेला तिने रॉड काढून हातात दिला. "हा कसा वाकला, मी त्यांना इचारलेलं. म्हनाले, जुना होता."

"जुना नव्हता," मी म्हणाले. "माझ्या हातून वाकला."

मी नोटा तिच्या हातात ठेवल्या. सगळे पैसे फिटले.